एचडी कॅमेरा घ्यायचा की थांबायचं: सक्करदऱ्यातल्या एका शूटिंग युनिटचं प्रकरण

हे प्रकरण २०१० सालचं आहे. नागपुरात सक्करदऱ्याला एका नवरा-बायकोचं लग्नाच्या शूटिंगचं काम आहे. मी त्यांचे हिशेब आणि रिटर्न बघतो, म्हणून पैशाचा मोठा निर्णय असला की तो माझ्यापर्यंत येतोच. नावं देत नाही. भाऊ शूटिंग करतात आणि वहिनी घरातल्या मागच्या खोलीत मिक्सिंग, म्हणजे एडिटिंग, करतात. बाहेरच्यांना वाटतं धंदा भाऊंचा आहे. वही उघडली की वेगळं दिसतं, कारण पार्टी बाकीचे पैसे देते ते सीडी (म्हणजे डीव्हीडीच, सगळे तिला सीडी म्हणतात) हातात पडल्यावर, आणि सीडी तयार होते मागच्या खोलीत.

सामान असं होतं: सोनीचा पीडी-१७०, पॅनासॉनिकचा खांद्यावर घ्यायचा एमडी-१००००, दोन सनगन (झगझगीत दिवे), स्टँड, आणि एडियस हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर टाकलेला एक जुना कॉम्प्युटर. दोन्ही कॅमेरे मिनी-डीव्ही कॅसेटवर चालणारे. कर्ज फिटलेलं, सामान हाताखालचं, ऑर्डरी सावनेर-काटोलपासून उमरेडपर्यंत.

पोळा तोंडावर आला होता. सीताबर्डीच्या एका दुकानदारानं भाऊंना हप्त्यावर एचडी कॅमेऱ्याचं कोटेशन दिलं आणि जुने दोन्ही कॅमेरे बदल्यात घेतो म्हणाला. "सगळे एचडी-एचडी करून राहिले," भाऊ म्हणाले. "पार्टी पहिला सवाल हाच करते. नाही म्हटलं तर पुढचं रेटही विचारत नाही ना जी."

वहिनी चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "पार्टीला एचडी म्हणजे काय ते माहीत आहे का पण?"

मला तो प्रश्न कोटेशनपेक्षा महत्त्वाचा वाटला. म्हणून आधी पार्टी नेमकं काय मागते आहे तेच बघायचं ठरवलं.

वहिनींची एक सवय इथे कामी आली. त्या प्रत्येक चौकशी डायरीत लिहून ठेवतात आणि ऑर्डर गेली तर का गेली तेही दोन शब्दांत टिपतात. डायरी चाळली तेव्हा दिसलं की बहुतेक ऑर्डरी तारखेवरून किंवा रेटवरून गेल्या होत्या. 'एचडी पाहिजे' असा शेरा थोड्याच ठिकाणी होता. पण ते शेरे बहुतेक धरमपेठ, सिव्हिल लाइन्सकडच्या चौकशांवर होते, म्हणजे जिथे पैशाची घासाघीस कमी होते तिथे. त्यामुळे 'एचडीमुळे काही बिघडत नाही' असंही म्हणता येईना.

मग जुन्या पार्टीच्या तक्रारी. प्रतापनगरच्या एका घरातून फोन आला होता की नवीन एलसीडीवर लग्नाची सीडी लावली तर सगळे जाडे दिसतात आणि वरातीत चौकटी-चौकटी येतात. भाऊंनी त्याचा अर्थ लावला की कॅमेरा जुना झाला. आम्ही त्या घरी जाऊन बसलो. टीव्ही रुंद, १६:९ चा. डीव्हीडी ४:३ ची. टीव्ही चित्र आडवं ताणत होता, म्हणून नवरीसकट सगळं गोत फुगलेलं. डीव्हीडी प्लेयर टीव्हीला पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरीनं जोडलेला. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही, उद्या यांना एचडीत शूट करून दिलं असतं तरी. टीव्हीचा मोड ४:३ वर आणला तर माणसं माणसांसारखी दिसू लागली, पण बाजूला काळे पट्टे आले. घरातल्या आजोबांनी लगेच विचारलं, "हे कापलं काऊन?"

चौकटींचं कारण मात्र आपल्याच घरातलं निघालं. वहिनी तीन तासांचं लग्न एका डीव्हीडीत बसवत होत्या, कारण पार्टीला एकच सीडी बरी वाटते. साधी डीव्हीडी ४.७ जीबीची. तीन तास त्यात घातले की सेकंदाला साडेतीन मेगाबिटच्या आसपास डेटाची वाटणी येते. मंडपात बसलेली माणसं तेवढ्यात निभतात. बँडपुढे नाचणारी पोरं, उडणाऱ्या अक्षता, फटाके, वरातीतले दिवे एवढ्यात मावत नाहीत, आणि चित्राच्या फरश्या पडतात. तेच लग्न दोन डीव्हीडींत दीड-दीड तास घातलं तर वाटणी सातच्या जवळ जाते. म्हणजे पार्टीला दिसणारा पहिला फरक एका कोऱ्या डिस्कच्या किमतीत होणार होता. मी हे बोललो तेव्हा भाऊंचा चेहरा पडला. त्यांना कॅमेरा घ्यायचा होता, डिस्क नाही.

त्यांची बाजूही कच्ची नव्हती. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीच्या जुन्या चित्रात ७२० बाय ५७६ ठिपके. फुल एचडीत १९२० बाय १०८०, म्हणजे नेमके पाचपट. लग्न एकदाच होतं, आज जुन्या कॅमेऱ्यावर जे उतरलं ते पुढे कितीही मोठा टीव्ही आला तरी तेवढंच राहणार. डीव्हीडी आज आहे, उद्या दुसरं काही येईल, पण मूळ शूट बदलता येत नाही. एचडीच्या बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच, आणि दुकानदारानं नेमका तोच सांगितला नव्हता. तो फक्त 'जमाना एचडीचा आहे' म्हणत होता.

म्हणून ठरलं की घेण्याआधी भाड्यानं आणून बघायचं. पहिली संधी मारबतीची. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महाल-इतवारीतून काळी आणि पिवळी मारबत निघते, बडगे निघतात (सगळे मिरवायचे पुतळेच), गर्दी अशी की खांद्याला खांदा. भाऊ भाड्याचा एचडी कॅमेरा घेऊन एका ओळखीच्या गच्चीवर उभे राहिले. संध्याकाळी दुकानातल्या मोठ्या टीव्हीवर थेट कॅमेऱ्यातून लावलं. पिवळ्या मारबतीच्या अंगावरची रंगाची पुटं, गर्दीतले ओळखू येणारे चेहरे, लांबच्या पाट्या, सगळं लखलखीत. भाऊ त्याच रात्री बयाणा द्यायला निघाले होते. वहिनींनी थांबवलं. "हे दुपारचं ऊन आहे," त्या म्हणाल्या. "आपली लग्नं रात्री लागतात."

दुकानातला कुठलाही डेमो उजेडातलाच असतो, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

दुसरी चाचणी वर्धा रोडवरच्या एका लॉनमध्ये झाली. बौद्ध पद्धतीचं लग्न होतं, त्यामुळे चातुर्मासाची अडचण नव्हती. पीडी-१७० वर मूळ ऑर्डर चालू ठेवली आणि भाड्याचा एचडी कॅमेरा शेजारी लावला. तिथे तीन गोष्टी दिसल्या.

पहिली उजेडाची. पीडी-१७० ची कंपनीनं दिलेली किमान उजेडाची मर्यादा १ लक्स आहे (लक्स हे उजेडाचं माप; आकडा लहान तितक्या कमी उजेडात कॅमेरा चालतो). त्याच कंपनीच्या २००४ सालच्या एफएक्स-१ या एचडी कॅमेऱ्याची ३ लक्स. दोन्हींत एक-तृतीयांश इंचाचे तीन सीसीडी, म्हणजे चित्र टिपणारे सेन्सर. पण तेवढ्याच जागेत एचडीला दुपटीहून जास्त ठिपके बसवावे लागतात, प्रत्येक ठिपका लहान होतो आणि त्याच्या वाट्याला प्रकाश कमी येतो. पुढच्या मॉडेलांनी ही तूट बरीच भरून काढली, पण भाड्यानं मिळालेला कॅमेरा जुन्या पिढीतला होता. लॉनच्या कडेला, जिथे सनगन पोचत नाही आणि सगळी मोठी माणसं खुर्च्या टाकून बसतात, तिथे पीडी-१७० नं चेहरे दाखवले आणि एचडीनं मुंग्या, म्हणजे वळवळणारे दाणे. गेन (चित्र यंत्रानं उजळायची सोय) वाढवला तर मुंग्या आणखी वाढल्या. ठिपके कितीही जास्त असले तरी अंधाराचे ठिपके अंधारच दाखवतात.

दुसरी पांढऱ्या कपड्यांची. नवरी पांढऱ्या साडीत, नवरदेव पांढऱ्या शर्टात, आणि समोरून हजार वॅटचा सनगन. दोन्ही कॅमेऱ्यांत कपडा जळत होता, म्हणजे त्यातला काठ, चुण्या, काही दिसेना. पण एचडीच्या मोठ्या चित्रात ते जास्त डोळ्यांवर येत होतं, कारण बाकी सगळं इतकं स्पष्ट की फक्त साडीच चुन्यानं रंगवल्यासारखी. भाऊंनी व्ह्यूफाइंडरमध्ये झेब्रा चालू केला. उजेड जिथे हाताबाहेर जातो तिथे तिरप्या रेघा दिसतात. मग आयरिस, म्हणजे लेन्समधली प्रकाशाची झडप, खाली घेतली आणि लाइटमनला दोन पावलं मागे ढकललं. साडीचा काठ परत आला. ही सुधारणा जुन्या कॅमेऱ्यातही लगेच करता येत होती आणि इतकी वर्षं केली नव्हती, कारण ऑटोवर भागत होतं.

तिसरी फ्लॅशची, आणि ही खरी मजेची. दुसऱ्या दिवशी वहिनी फ्रेम-फ्रेमनं बघत होत्या. भाऊंचा भाचा त्याच लग्नात स्वतःचा लहान एचडी हँडीकॅम घेऊन हिंडत होता; त्यात सीमॉस जातीचा सेन्सर. हार घालायच्या क्षणी तीन-चार फोटोग्राफरांचे फ्लॅश एकदम उडाले, आणि हँडीकॅमच्या त्या फ्रेममध्ये वरचा अर्धा भाग नेहमीसारखा, खालचा अर्धा पांढराफटक. सीमॉस चित्र एकदम न उचलता ओळीओळीनं उचलतो. मध्येच फ्लॅश पडला तर राहिलेल्या ओळीच उजळतात. सीसीडीत सगळी फ्रेम एकदम घेतली जाते, म्हणून पीडी-१७० मध्ये फ्लॅश पडला तर पूर्ण फ्रेम उजळते आणि डोळ्याला ते खटकत नाही. बाजारात येणारे नवे एचडी कॅमेरे बहुतेक सीमॉसचेच होते. लग्नात फ्लॅश टाळता येत नाही. वहिनींनी याचा उपाय नंतर शोधला: तसली फ्रेम काढून शेजारची फ्रेम दोनदा ठेवायची. काम किचकट, पण होतं.

आता मागच्या खोलीचा हिशेब, ज्यात खरा पैसा होता.

एचडीचे तेव्हा दोन रस्ते होते. एक एचडीव्ही: जुनीच मिनी-डीव्ही कॅसेट, तासाची तासच, आणि डेटाही जुन्या डीव्हीएवढाच, सेकंदाला २५ मेगाबिट. चित्र मात्र १४४० बाय १०८० चं. एवढं मोठं चित्र तेवढ्याच जागेत बसवायचं म्हणजे दाबावं लागतं. डीव्हीत प्रत्येक फ्रेम स्वतःपुरती पूर्ण असते. एचडीव्हीत बारा फ्रेमांची टोळी असते, एक पूर्ण आणि बाकीच्या तिच्या आधारानं. कॅसेटवर कुठे डाग पडला तर डीव्हीत एका फ्रेमचा कोपरा जातो. एचडीव्हीत टोळीच अडखळते आणि जवळजवळ अर्धा सेकंद जातो. नागपुरात हे पुस्तकी राहत नाही. चार महिने घरात कूलर चालतो, ओली हवा खोलीभर, आणि कॅसेटा त्याच खोलीतल्या कपाटात. वहिनींच्या डीव्ही कॅसेटांवर अधूनमधून टिकल्या यायच्याच. अर्धा सेकंद मंगळसूत्राच्या वेळी गेला तर पार्टीला काय सांगणार?

दुसरा रस्ता एव्हीसीएचडी, कार्डावरचा. २४ मेगाबिटनं धरलं तर तासाला १०.८ जीबी. कॅसेट तासभर लावून उतरवायची गरज नाही, कार्डावरून भराभर कॉपी होतं. भाऊंना हे फार आवडलं. पण भरलेली कॅसेट कपाटात टाकली की तीच मूळ प्रत. कार्ड मात्र पुसून पुढच्या लग्नाला न्यायचं असतं. म्हणजे दोन कॅमेऱ्यांचे मिळून दहा तास, १०८ जीबी, आणि एकाच डिस्कवर ठेवण्याइतकी हिंमत नसेल तर त्याच्या दुप्पट. वीस लग्नांचा सीझन धरला तर चार टीबीच्या वर. जुन्या हिशेबात कॅसेटचा खर्च होता. डिस्क नावाचा रकाना आमच्या वहीत नव्हताच.

शिवाय एव्हीसीएचडी उलगडायला कॉम्प्युटरला दम लागतो. वहिनींच्या मशीनवर भाच्याच्या हँडीकॅमची फाइल टाकून बघितली. चित्र तीन पावलं चालायचं आणि थांबायचं. एडियसच्या स्वतःच्या सोप्या फॉरमॅटमध्ये आधी बदलून घेतलं तर चालायचं, पण फाइल कितीतरी फुगायची आणि बदलण्यात रात्र जायची. म्हणजे कॅमेऱ्याबरोबर कॉम्प्युटर आलाच.

आणि कॅमेरा एक घेऊन भागणार नव्हतं. युनिट दोन कॅमेऱ्यांचं आहे: एक स्टेजवर, एक गर्दीत. एक एचडी आणि एक जुना असं मिसळलं तर दर दोन शॉटनंतर चित्र एकदम मऊ पडतं, आणि पार्टीला तोच फरक दिसतो. वर फील्डची भानगड: प्रत्येक फ्रेम एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत, म्हणजे फील्डांत, येते. डीव्हीत खालचं फील्ड आधी येतं, एचडीत वरचं. दोन्ही एका टाइमलाइनवर टाकून डीव्हीडी काढताना सेटिंग चुकलं की हलणारी प्रत्येक गोष्ट थरथरते. शहरात तेव्हा एचडी म्हणून दिल्या जाणाऱ्या कितीतरी सीड्यांत वरात थरथरताना मी पाहिली आहे. त्यात कॅमेऱ्याचा दोष नव्हता.

मग मी आकडे मांडले. दोन कॅमेरे, कार्डं, जादा बॅटऱ्या, कॉम्प्युटर, डिस्का. बेरीज दुकानदाराच्या कोटेशनच्या तिपटीजवळ गेली. बदल्यात जुन्या कॅमेऱ्यांचे तो जे देत होता त्यात एक चांगला ट्रायपॉडही आला नसता. घसाऱ्याचंही सांगितलं: त्या वेळी आयकरात कॉम्प्युटरला ६० टक्के घसारा (किंमत उतरल्याची वजावट) मिळायचा, कॅमेऱ्याला १५. प्रत्यक्षात कॅमेऱ्याची बाजारातली किंमत त्याहून कितीतरी झपाट्यानं उतरते, पण कागदावर तो वर्षानुवर्षं रेंगाळतो. भाऊंनी हे ऐकून घेतलं, एवढंच म्हणू शकतो.

भाच्याचं म्हणणं निराळं होतं. त्याला कॅननचा ५५०डी घ्यायचा होता, त्याच वर्षी आलेला, फुल एचडी आणि मागचं सगळं धूसर. किंमत व्हिडिओ कॅमेऱ्याच्या पासंगालाही नाही. चित्र देखणं, यात वाद नाही, आणि अंधारातही मोठा सेन्सर चांगला वागायचा. पण एक फाइल ४ जीबीची, साधारण बारा मिनिटांत थांबते. आवाज हातानं लावायची सोय नाही, हेडफोनला जागा नाही. फोकस चालत्या माणसामागे आपोआप जात नाही. भाऊ म्हणाले, "मंगलाष्टकं चालू असताना कॅमेरा बंद पडला तर नवरदेवाचा मामा मले मंडपातूनच उचलेल." हळदीच्या, सजावटीच्या शॉटसाठी तो ठीक, अख्खं लग्न त्याच्या जिवावर घ्यायचं नाही, असं ठरलं. भाच्याला ते पटलं नाही.

निर्णय असा झाला. त्या सीझनला कॅमेरा घ्यायचा नाही. कॉम्प्युटर मात्र लगेच घ्यायचा, कारण तो जुन्या कामालाही उपयोगी आणि पुढे एचडीला लागणारच. प्रत्येक लग्न दोन डीव्हीडींत, आणि कव्हरवर छापायचं: टीव्हीचा स्क्रीन मोड ४:३ ठेवावा. रेटच्या कागदावर एचडीची वेगळी ओळ, तिच्यात दोन एचडी कॅमेऱ्यांचं भाडं आणि मिक्सिंगच्या जादा दिवसांचे पैसे उघड धरलेले. पार्टीनं ती ओळ निवडली तर दोन्ही कॅमेरे भाड्यानं आणायचे, एक नाही. मेमधल्या लग्नांनंतर पुन्हा बसायचं.

तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू झाला आणि ती ओळ चाळणीसारखी चालली. 'एचडी आहे का?' विचारणाऱ्यांपैकी बरेच जण आहे म्हटल्यावर समाधान पावायचे आणि रेट बघून साधं शूटिंग घ्यायचे. त्यांना तुमच्याकडे आहे की नाही एवढंच हवं होतं. ज्यांनी ती ओळ खरंच घेतली त्यांच्या घरी मोठा टीव्ही असायचा किंवा मुलगा बाहेरदेशी. त्यांना डीव्हीडीबरोबर एचडी फाइल पेनड्राइव्हवर द्यायची ठरली. तिथे पहिल्याच ऑर्डरीला अडकलं, कारण पेनड्राइव्ह फॅट-३२ या फॉरमॅटचा आणि ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. वहिनींनी लग्नाचे विधीवार तुकडे केले: हळद, वरात, लग्न, बिदाई. पार्टीला ते उलट जास्त आवडलं. बिदाई बघायला तीन तास थांबावं लागत नाही.

मेनंतरच्या बैठकीत भाड्यापोटी गेलेली रक्कम आणि एचडीच्या ओळीतून आलेली रक्कम शेजारी ठेवली. भाडं वसूल होऊन वर उरत होतं. २०११ च्या दिवाळीत त्यांनी एव्हीसीएचडीचे दोन एकसारखे कॅमेरे घेतले, एक नवा, एक वापरलेला. एमडी-१०००० विकला. भाऊंना त्याचं दुःख वेगळ्याच कारणानं झालं: खांद्यावरचा मोठा कॅमेरा बघून लॉनमध्ये लोक वाट सोडायचे, लहान कॅमेऱ्याला कोणी विचारत नाही.

डिस्कचं गणित मात्र त्याच वेळी कोलमडलं. त्या ऑक्टोबरात थायलंडमध्ये पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने बुडाले आणि डिस्कचे भाव भडकले. दोन-दोन प्रती ठेवायचा बेत परवडेना. वहिनींनी नियम बदलला: काम दिल्यावर मूळ शूट हवं असेल तर पार्टीनं स्वतःची डिस्क आणायची, नाहीतर ठरलेल्या मुदतीनंतर ते पुसलं जाईल, आणि हे बुकिंगच्या पावतीवर सही घेऊन.

भाऊंचं अजून म्हणणं आहे की त्या एका वर्षात धरमपेठेकडची गिऱ्हाइकं हातची गेली. डायरीत तसे शेरे आहेत, त्यामुळे मी वाद घालत नाही. फक्त कर्जाचा हप्ता त्या वर्षी नव्हता, हे वहीत दाखवतो.

पीडी-१७० विकला नाही. जुनी लग्नं कॅसेटवर पडून असलेली घरं नागपुरात भरपूर आहेत आणि कॅसेट चालवायला यंत्रच उरलं नाही. लोक पिशवी भरून कॅसेटा आणतात, वहिनी त्या कॅमेऱ्यातून उतरवून फाइल करून देतात. त्याचं रेट त्यांनी तासावर ठेवलं आहे, कारण तासाची कॅसेट उतरवायला तासच लागतो.